आजचा दिवस नुसता भंगार गेला, तुम्ही अशा दिवशी काय करता?

सांगोल्याचा_मेक:
सेकंड इयर मेकॅनिकल, पुण्यात. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलोय, डिप्लोमाला ८९ टक्के होते म्हणून जरा हवेतच होतो. ॲडमिशनचे कॅप राउंड संपून कॉलेजला पोचेपर्यंत शिकवणं बरंच पुढं गेलेलं आणि त्यात एम थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर. बाकीच्यांचं एम वन, एम टू झालेलं असतं, सर फळ्यावर "हे तुम्हाला येतंच" म्हणून पुढं सरकतात आणि आम्ही डिप्लोमावाले चौघं मागच्या बाकावर एकमेकांची तोंडं बघतो.

आज सकाळी बस चुकली, दुसरी थांबलीच नाही, चालत निघालो तर परतीचा पाऊस. छत्री नाही. सॅकमधे थर्मोडायनॅमिक्सचं जर्नल. जेल पेननं लिहिलेलं, त्यामुळं सहा प्रॅक्टिकल निळी निळी होऊन एकमेकांत मिसळली, पी-व्ही डायग्राम तेवढे पेन्सिलचे म्हणून वाचले. सर म्हणाले परत लिहून आण मगच सही. तिथून बाहेर आलो तर अटेंडन्स कमी असलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागलेली, माझं नाव वरून तिसरं, ॲडमिशनच उशिरा झाली तरी अटेंडन्स पहिल्या दिवसापासून धरलाय. दुपारी एम थ्री इनसेमचे (सेमच्या मधल्या परीक्षेचे) मार्क, ३० पैकी ९. मेसला पोचलो तोवर भाजी संपलेली.

हे सगळं एक वेळ चाललं असतं पण रात्री आईचा फोन आला, पेपरात किती पडले म्हणाली आणि माझ्या तोंडून "बावीस" गेलं. तिनं लगेच मागं बाबांना ओरडून सांगितलं. बाबा दिवसभर डाळिंबावर फवारणी करून आलेले, यंदा तेल्या रोग पडलाय बागेत, त्यांचा आवाज ऐकून अजूनच कसंतरी झालं. आता साडेबारा वाजलेत, झोप नाही. दादा ताई लोकांनो, पॉझिटिव्ह रहा वगैरे नका सांगू प्लीज, खरंच काय करता ते सांगा.

बॅकलॉग_सम्राट:
९ मार्काला बॅड डे म्हणतोस होय, मी वायडी (इयर डाऊन) होऊन वर्षभर रूमवर बसलेलो भावा 😂

पेठेतला_पाहुणा:
@बॅकलॉग_सम्राट त्यानं विचारलंय काय, तू सांगतोस काय. तुझं मोठं म्हणून त्याचं दुखत नाही का.

डायरेक्ट_सेकंड_२०१६:
मी पण डिप्लोमावाला, मेकच, इनसेमला ७ होते मला. त्या रात्री मी जिद्दीनं पहाटेपर्यंत एम थ्रीतला लाप्लास घेऊन बसलो, एक गणित सुटलं नाही आणि दुसऱ्या दिवशीची लेक्चर झोपेत गेली, म्हणून सांगतो आज पुस्तक उघडू नको. पोट भर आधी. भुर्जीची एखादी गाडी अजून चालू असेल बघ, रूममेटला उठव, एकटा जाऊ नको.

बाकी हिशोब उद्या कर. ३० चा पेपर झाला, ७० चा अजून व्हायचाय. पॅटर्न आमच्यासारखाच असेल तर स्टॅट्स आणि प्रोबॅबिलिटी एंडसेमला येतील आणि त्यांना एम टू चं फारसं काही लागत नाही, फक्त टेबल नीट मांडायचं, बेरजा कॅल्सीवर दोनदा चेक करायच्या. व्हेक्टर नंतर बघ. आणि डिफॉल्टरचं, ॲडमिशन लेटरची झेरॉक्स जोडून क्लास टीचरकडं अर्ज दे, तारीख दिसली की आमच्याकडं तरी तेवढे दिवस वगळले होते. तोंडी सांगून कुणी ऐकत नाही, लेखी दे.

बार्शीची_पोर:
जर्नल, बस हे उद्या विसरशील, ते बावीस डोक्यात राहणार. मी हे केलंय म्हणून सांगते. माझा पहिल्या वर्षी एक विषय गेला होता आणि घरी ऑल क्लिअर सांगितलं. आमच्याकडं तेव्हा डबा एसटीनं यायचा, आई सकाळी स्टँडवर कंडक्टर काकांकडं द्यायची, मी स्वारगेटला जाऊन घ्यायची, शेंगाचटणी, कडक भाकरी, कधी धपाटे. रिकामा डबा परतीच्या गाडीत. चार महिने त्या डब्यातलं खाताना घास अडकायचा, खोटं सांगून खातेय असं वाटायचं. फोनवर बोलायची हिंमत होईना म्हणून एकदा रिकाम्या डब्यात चिठ्ठी टाकली, एक विषय राहिलाय, ऑक्टोबरला देते. दोन दिवस पोटात गोळा. आईचा फोन आला तो "मधल्या पुडाचं झाकण कुठं हरवलंस" म्हणून! विषयाचं शेवटी बोलली, पुन्हा लपवू नको म्हणाली, झालं. (तेव्हा बायकांना अर्धं तिकीट नव्हतं, ते २०२३ ला आलं, नाहीतर मी दर शनिवारी घरी पळाले असते.)

तू उद्याच सांग. बाबांना, आईला नको, कारण तिनं ओरडून सांगितलंय ना. सकाळी फवारणीला जायच्या आधी.

टेकडीवाला:
मी अशा दिवशी वेताळ टेकडी चढतो, फोन रूमवर ठेवून. वर जाऊन काही साक्षात्कार होत नाही, पाय दुखतात आणि झोप लागते एवढंच. एक मात्र, एक दिवस वाईट गेला ते वेगळं आणि दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण नाही, नको नको ते विचार येतात ते वेगळं. तसं असेल तर १४४१६ ला फोन कर, टेली मानस, सरकारी आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात. माझ्या रूममेटनं केला होता.

सांगोल्याचा_मेक:
तसं काही नाहीये दादा, पण नंबर सेव्ह केला. रात्री रूममेटला उठवून भुर्जी खाल्ली, पैसे त्यानंच दिले.

आत्ता साडेसहाला बाबांना फोन केला. बावीस नाहीत नऊ आहेत म्हणालो. ते थोडा वेळ गप्प, मागं पंप चालू असल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "आईला मी सांगतो. जर्नल कशानं भिजलं म्हणालास?" मी म्हणालो छत्री नव्हती. म्हणाले दुपारी दोनशे टाकतो, आधी छत्री घे.

@डायरेक्ट_सेकंड_२०१६ स्टॅट्सच्या नोट्स असतील तर द्या ना.