ग्वानिनचे शिखर निम्म्यावर आले, म्हणजे डीएनएला इजा झाली असे म्हणता येईल का?

विद्युतरसायन_विद्यार्थिनी
एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी छापील कार्बन इलेक्ट्रोडवर काफ थायमस डीएनए (वासराच्या थायमस ग्रंथीतून काढलेला डीएनए) बसवून एका कीटकनाशकाचा त्यावर होणारा परिणाम तपासत आहे. पीएच ४.८ च्या ॲसिटेट बफरमध्ये डिफरन्शियल पल्स व्होल्टामेट्री (व्होल्टता स्पंदांनी वाढवत नेऊन प्रवाह मोजण्याची पद्धत) केल्यावर +१ व्होल्टच्या आसपास ग्वानिनच्या (डीएनएतील चार बेसांपैकी एकाच्या) ऑक्सिडीकरणाचे ठळक शिखर दिसते. इलेक्ट्रोड कीटकनाशकाच्या द्रावणात ठेवून धुतला, की ते निम्म्यावर येते. एवढ्या आधारावर प्रबंधात ‘डीएनएला इजा झाली’ असे लिहावे का?

प्रयोगशाळेतून
तसे लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डीएनए नुसत्या अधिशोषणाने, म्हणजे रासायनिक बंधाशिवाय, पृष्ठभागाला चिकटला असेल, तर धुताना त्यातला काही निघून जातो. कीटकनाशकाचे रेणू कार्बनचा पृष्ठभाग झाकतात, किंवा डीएनएशी केवळ जोडले जाऊन, ग्वानिन शाबूत असतानाही, त्याचे ऑक्सिडीकरण अडवतात. या तिन्ही प्रसंगी शिखर खालीच येते. त्यामुळे तेवढाच वेळ नुसत्या बफरमध्ये ठेवलेला डीएनए-इलेक्ट्रोड आणि कीटकनाशकात ठेवलेला डीएनएविरहित इलेक्ट्रोड, हे दोन्ही मोजायलाच हवेत. दुसऱ्याचा पृष्ठभाग फेरोसायनाइडने तपासता येईल (त्याचा प्रवाह घटला, तर पृष्ठभाग झाकला गेला), आणि कीटकनाशक स्वतःच +१ व्होल्टजवळ प्रवाह देते का, हेही त्यातच कळेल.

घटलेल्या शिखरापेक्षा नव्याने उगवलेले शिखर अधिक बोलके असते. ग्वानिनच्या ऑक्सिडीकरणातून तयार होणारे ८-ऑक्सोग्वानिन हे ग्वानिनपेक्षा साधारण अर्धा व्होल्ट आधीच ऑक्सिडीकृत होते, म्हणून त्या भागात बारकाईने पाहा. फेरस लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्यापासून मिळणाऱ्या हायड्रॉक्सिल मूलकांनी मुद्दाम इजा केलेला डीएनए तुलनेसाठी सोबत ठेवा.

जुना_वाचक
वरील उत्तराला एक पुरवणी. इजा झाली की प्रवाह कमीच होतो, असेही नाही. कनेक्टिकट विद्यापीठातील जेम्स रस्लिंग यांच्या गटाने डीएनए आणि विकर (एन्झाइम) यांचे अतिपातळ थर एकावर एक चढवले, स्टायरीनपासून तिथल्या तिथे डीएनएला चिकटणारे स्टायरीन ऑक्साइड होऊ दिले आणि ग्वानिनचे ऑक्सिडीकरण घडवणाऱ्या रुथेनियम बायपिरिडिल या संकुलाच्या उत्प्रेरक प्रवाहाने इजा मोजली. ग्वानिनला रेणू चिकटल्याने दुहेरी सर्पिल सैल होते, उरलेली ग्वानिने उघडी पडतात आणि प्रवाह वाढतो. तुमच्या कामाशी याचा थेट संबंध आहे, कारण अनेक संयुगे मुळात डीएनएवर क्रिया करत नाहीत. शरीरातील विकरांनी त्यांचे रूपांतर केल्यावरच ती घातक होतात.

विद्युतरसायन_विद्यार्थिनी
दोघांचेही मनापासून आभार. असे रूपांतर करणारे सायटोक्रोम पी४५० हे विकर आमच्याकडे उपलब्ध नाही. दुसरे काही चालेल का?

जुना_वाचक
मायोग्लोबिन (स्नायूंतील लोहयुक्त प्रथिन) चालते, त्याच गटाने स्टायरीनसाठी तेही वापरले आहे. ते सक्रिय करायला हायड्रोजन पेरॉक्साइड घालावे लागते, तेव्हा फक्त पेरॉक्साइडमध्ये ठेवलेल्या थराचे मापन वेगळे करा, नाहीतर पेरॉक्साइडने केलेली इजा कीटकनाशकाच्या नावावर जमा होईल.