अल्झायमरवरची नवी शस्त्रक्रिया: खोट्या शस्त्रक्रियेशी तुलना केल्याशिवाय नको

कोथरूडकर:
मानेतल्या खोलवरच्या लसिकावाहिन्या (शरीरातला लसिका नावाचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) शेजारच्या शिरेला जोडायच्या, म्हणजे मेंदूत साठणाऱ्या अमायलॉइड वगैरे प्रथिनांचा निचरा होईल, अशी अल्झायमरवरची शस्त्रक्रिया चीनमधल्या अनेक रुग्णालयांनी धडाक्यात सुरू केली. जुलै २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य आयोगानेच उपचार म्हणून ती करायला बंदी घातली, कारण पुरावा अपुरा. संशोधनाची वाट मात्र खुली ठेवली. तरी आमच्या पुण्यातल्या पेशंटच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘आधी-नंतर’चे व्हिडिओ फिरताहेत आणि ‘आपल्याकडे कोण करतं?’ अशी विचारणा चालू आहे.
माझं मत स्पष्ट आहे. ही शस्त्रक्रिया फक्त चाचणीत व्हावी, आणि चाचणीतल्या काही रुग्णांना नुसती चीर देऊन टाके घालावेत, जोडणी करू नये.

सिंहगडरोड_स्नेहा:
आपण कुठे आहोत हे ज्यांना कळत नाही त्यांना भूल द्यायची, मान कापायची आणि मुद्दाम काही करायचं नाही? सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर त्यांना भ्रम झाला. रात्रभर ओरडायच्या, सलाइन उपटायच्या. विसरभोळेपणा आधीपासून होताच, पण त्यानंतर त्या पहिल्यासारख्या झाल्याच नाहीत. ते ऑपरेशन निदान गरजेचं होतं हो!

कोथरूडकर:
स्नेहाताई, भुलीचा धोका खराच आहे. म्हणून तर फायदा खरा आहे की नाही हे आधी कळायला हवं. अल्झायमरसाठीच मेंदूतलं पाणी नळीने पोटात सोडायचा प्रयोग आठवा. २००२ मध्ये २९ जणांच्या छोट्या चाचणीत आशा दिसली. मग २१५ जणांवर मोठी चाचणी झाली, त्यात काहींना बंद नळी बसवली. २००८ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत फरक नाही. बंद नळीचा गट नसता तर आज किती म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात ती नळी असती? ऑपरेशननंतर घरचे जास्त बोलतात, जास्त जवळ बसतात, माणूस चार दिवस खुलतो. व्हिडिओत तेच दिसतं.

पर्वतीचा_मुलगा:
तुम्हाला वेळ आहे, माझ्या बाबांना नाही. ते निवृत्त इंजिनिअर, निदान नुकतंच झालंय, सगळं समजतं. ‘मला कळतंय तोवर मलाच ठरवू दे’ म्हणतात. मेंदूत इलेक्ट्रोड बसवायच्या अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत ४२ जणांना तो बसवला, अर्ध्यांचा वर्षभर बंद ठेवला, नंतर चालू केला. कुणाला कायमचं वगळलं नाही. तसं करा ना.

सदाशिव_फिजिओ:
त्या चाचणीचा निकालही सांगा. एकूण फायदा सिद्ध झाला नाही, उलट ६५ च्या आतल्यांची प्रकृती जास्त ढासळल्याचे संकेत मिळाले. शिवाय लसिकावाहिनीच्या जोडणीला बटण नसतं, एकदा केली की केली.
आणि दादा, उद्या कुणी ‘प्रायोगिक उपचार’ म्हणून पॅकेज सांगितलं तर दोन गोष्टी विचारा. सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी क्रमांक काय? आणि पैसे कशाचे? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमावलीनुसार संशोधनाचा खर्च पेशंटच्या माथी मारता येत नाही. लाखांचं बिल देऊन जे घेता ती चाचणी नव्हे.

पर्वतीचा_मुलगा:
क्रमांक विचारेन. पण खोट्या गटात बाबांना टाकायला मन धजत नाही. अंगावर चीर तर पडणारच, आणि वर्षही जाणार. त्यांच्यासाठी एक वर्ष म्हणजे फार झालं.

सिंहगडरोड_स्नेहा:
या बाबांसारखे स्वतः हो म्हणणारे असतील तर करा चाचणी, मी आड येणार नाही. पण ज्यांच्या वतीने मुलगा-सून सही करतात त्यांना त्यात ओढू नका. कायद्याने सही चालेलही. ऐनवेळी त्या माणसाने हात झटकला तर तोही नकारच धरा.

कोथरूडकर:
नकार धरायलाच हवा, यात दुमत नाही. अडचण पुढे आहे. चाचणी फक्त सुरुवातीच्या टप्प्यातल्यांवर झाली, तर निकालही तेवढ्यांपुरताच असेल. आणि ग्रुपवर विचारणारे बहुतेक जण तर शेवटच्या टप्प्यातल्या आईवडिलांसाठीच विचारताहेत. त्यांच्यावर ही शस्त्रक्रिया न तपासताच होईल. त्याचं काय करायचं ते सांगा.