टर्मिनलवरून कोड पाठवताना : अनुभव धागा

धागाकर्ता

कोड अडला की तो कुणाला तरी दाखवावा लागतो, आणि दाखवण्याची आपली पहिली पद्धत बहुधा मोबाइलने पडद्याचा फोटो काढण्याची असते. फोटोतला कोड निवडता येत नाही, त्यात काही शोधता येत नाही, आणि चालवून पाहायचा तर समोरच्याला तो पुन्हा टंकावा लागतो. मजकूर चिकटवला की त्याची लिंक देणाऱ्या सेवा आहेत : पेस्टबिन २००२ पासून आणि कोड साठवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाचे गिस्ट २००८ पासून. परंतु माउसने मजकूर निवडायचा, ब्राउझर उघडायचा, चिकटवायचा आणि लिंक उचलायची हा द्राविडी प्राणायाम, ज्या सर्व्हरवर ब्राउझरच नाही तिथे उपयोगाचा नाही. म्हणून टर्मिनलवर (कमांड टंकण्याच्या खिडकीत) कमांडचा आउटपुट पाइपमधून, म्हणजे तो पुढच्या कमांडला देणाऱ्या उभ्या रेघेतून, थेट बाहेर पाठवून बदल्यात एक लिंक मिळवण्याची युक्ती आपल्यापैकी अनेक जण वापरतात. ती आपण कशी शिकलात आणि तीत कुठे ठेचकाळलात, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. ऑफिसचे नाव नको. कमांड मात्र नेमकी सांगावी.

सुरुवात माझ्यापासून करतो. कॉलेजात असताना आयआरसी या जुन्या चॅट व्यवस्थेच्या एका चॅनेलवर मी कंपायलरच्या चाळीस ओळी एका दमात चिकटवल्या आणि त्या पूर्ण उमटण्याआधीच तिथल्या बॉटने मला बाहेर काढले. परत आत गेल्यावर एकाने ‘पेस्टबिनइट वापर’ एवढेच लिहिले. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर हे छोटे साधन पॅकेज म्हणून मिळते. फेडोरावर याच कामासाठी एफपेस्ट आणि जेंटूवर डब्ल्यूगेटपेस्ट आहे. मी ते बसवले, चुका त्यात ओतल्या, मिळालेली लिंक चॅनेलवर टाकली, आणि थोड्याच वेळात उत्तर आले की सतराव्या ओळीत अर्धविराम राहिला आहे. (हाकलून देण्याइतका तो गुन्हा नव्हता, असे मला आजही वाटते.)

नाशिकहून, सर्व्हर सांभाळणारा

रात्री पावणेदोनला अपडेटनंतर एक सेवा सुरू होत नव्हती आणि आमचे वरिष्ठ पुण्याहून फोनवर होते. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी कमांड, मग पाइपची उभी रेघ आणि पुढे ‘एनसी टर्मबिन डॉट कॉम ९९९९’ असे लिहिले. टर्मबिनला नोंदणी लागत नाही, नेटकॅट (वरचे ‘एनसी’, नेटवर्कवर मजकूर पाठवणारे साधन) असले की पुरते. आणि लिंकच्या शेवटी चारच अक्षरे येत असल्याने ती फोनवर वाचून दाखवता येते.

“अरे, यात नुसतं ‘स्टार्टिंग’ लिहिलंय. पुढचं कुठंय?”

“सर, माझ्या पडद्यावर तर वीस ओळी दिसतायत.”

त्या वीस ओळी पडद्यावर दिसत होत्या, हीच खरी खूण होती. प्रोग्रॅम आपला नेहमीचा आउटपुट एका वाटेने आणि चुकांचे संदेश दुसऱ्या वाटेने सोडतो, आणि पाइप फक्त पहिली वाट पकडतो. त्यामुळे नेमके जे पाठवायचे होते ते पाइपला वळसा घालून माझ्याच टर्मिनलवर येत होते. पाइपच्या आधी दोन, ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह, अँड आणि एक अशी चार अक्षरे सलग लिहिली की दोन्ही वाटा एक होतात. ती लिहिल्यावर दिसले की सेटिंगच्या फाइलचा मालक बदलला होता. पुढे दुसऱ्या एका ऑफिसात ९९९९ हे पोर्टच फायरवॉलने बंद केलेले निघाले, तेव्हा कर्ल या साधनाने ४४३ या वेबच्या नेहमीच्या पोर्टवरून जाणारी सेवा शोधावी लागली.

सांगलीहून, विद्यार्थी

मेकफाइल (कोड कसा बांधायचा हे ‘मेक’ या साधनाला सांगणारी फाइल) टर्मिनलवर माउसने निवडून मी मित्राला पाठवली आणि त्याच्याकडे ‘मिसिंग सेपरेटर’ अशी चूक आली. मेकला कमांडच्या ओळीच्या सुरुवातीला टॅब लागतो आणि माझ्या टर्मिनलने निवडलेल्या मजकुरात टॅबच्या जागी स्पेस भरल्या होत्या. तीच फाइल पाइपमधून पाठवली तेव्हा टॅब जसेच्या तसे पोहोचले.

पुण्याहून, वेब प्रोग्रॅमर (ती)

माझा अनुभव सांगताना अजूनही अवघडल्यासारखे होते. गिटहबच्या ‘जीएच’ या साधनात ‘जीएच गिस्ट क्रिएट’ असे लिहून पुढे फाइलचे नाव दिले की गिस्ट तयार होते, आणि आपण वेगळे सांगितले नाही तर ते ‘सीक्रेट’ असते. सीक्रेट म्हणजे माझ्याशिवाय कुणालाच न दिसणारे, असे मी स्वतःच गृहीत धरले होते. वास्तविक ते शोधात आणि यादीत येत नाही इतकेच. लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला ते उघडता येते. मी डिप्लॉयमेंटच्या स्क्रिप्टचे गिस्ट केले, लिंक एका सार्वजनिक चर्चेत टाकली आणि चहाला गेले. परत येऊन पाहते तो नवव्या ओळीत डेटाबेसचा पासवर्ड ठसठशीत लिहिलेला होता.

घाबरून मी ती ओळ संपादित करून काढली आणि सुटकेचा निःश्वास टाकला, आणि दुसरी चूक झाली ती इथे. प्रत्येक गिस्ट हे मुळात एक गिट रिपॉझिटरी, म्हणजे प्रत्येक बदल जपणारा साठा, असते, त्यामुळे जुनी आवृत्ती ‘रिव्हिजन्स’च्या टॅबखाली जशीच्या तशी उभी होती, आणि लाल रंगातली काढलेली ओळ तर आता आधीपेक्षाही चटकन डोळ्यांत भरत होती. शेवटी संपूर्ण गिस्ट पुसले. पण त्या मधल्या वेळात कुणी ते उतरवून घेतले असेल तर पुसण्याला काही अर्थ नव्हता, म्हणून पासवर्ड बदलला आणि सकाळी टीम लीडला सगळे खरे सांगितले. ते रागावले नाहीत, पण दुपारपर्यंत सगळे पासवर्ड स्क्रिप्टमधून काढून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (स्क्रिप्टबाहेर ठेवलेल्या सेटिंगमध्ये) हलवण्याचे काम मात्र माझ्याकडेच आले.

जर्मनीहून

मराठी मजकूर हाताळणाऱ्या कोडच्या चाचण्या मी एका सेवेवर पाठवल्या, आणि सहकाऱ्याला ब्राउझरमध्ये ‘मराठी’ या शब्दाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि चलनाचे गोल चिन्ह यांची जोडी पुन्हा पुन्हा दिसू लागली. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे ‘मराठी’चे काना आणि वेलांटी धरून पंधरा, आणि पाठवणाऱ्या सर्व्हरने मजकूर यूटीएफ-८ असल्याचे कळवले नाही, तर ब्राउझर कधीकधी एकेका बाइटला एकेक रोमन अक्षर समजून बसतो. तीच लिंक कर्लने टर्मिनलवर उतरवली तेव्हा मराठी स्वच्छ दिसले, त्यामुळे फाइल शाबूत असल्याची खात्री झाली.

ठाण्याहून

जुन्या टिपणांमध्ये मी नुसत्या लिंका ठेवल्या होत्या आणि आज त्यांतल्या बहुतेक मेल्या आहेत. टर्मबिन मजकूर महिनाभर ठेवते. काही सेवा फाइल जितकी मोठी तितकी लवकर पुसतात, आणि काही स्वतःच बंद पडल्या आहेत. गिटहबने मार्च २०१८ मध्ये नाव न नोंदवता गिस्ट करण्याची सोय काढून टाकली, तेव्हा ती वापरणाऱ्या माझ्या दोन स्क्रिप्टही निकामी झाल्या. आता लिंकसोबत महत्त्वाच्या पाच-दहा ओळी टिपणातच उतरवून ठेवतो.

बंगळूरहून

आमच्याकडे कोड बाहेरच्या सेवेवर टाकण्यास सक्त मनाई आहे, म्हणून एकाच नेटवर्कवर असताना मी पायथनचा, फोल्डरमधल्या फाइली ब्राउझरला दाखवणारा एचटीटीपी सर्व्हर ८००० या पोर्टवर चालू करतो. एकदा तो घाईत होम डिरेक्टरीतून चालू केला आणि शेजारच्या टेबलावरून आवाज आला, “दादा, तुमचं एसएसएचचं फोल्डर मला दिसतंय, बघू का उघडून?” त्या फोल्डरमध्ये दूरच्या सर्व्हरवर शिरण्याच्या गुप्त किल्ल्या असतात, आणि हा सर्व्हर टिंबाने सुरू होणारी लपलेली फोल्डरेही यादीत दाखवतो, हे मला त्या क्षणी कळले. तेव्हापासून पाठवायची फाइल आधी रिकाम्या फोल्डरमध्ये नेतो. शाखांमध्ये पाठवायचे असल्यास आमच्याच सर्व्हरवर बसवलेले प्रायव्हेटबिन हे पेस्टबिनसारखे साधन आहे. त्यात मजकूर ब्राउझरमध्येच कुलूपबंद होतो आणि किल्ली लिंकमधल्या हॅशच्या चिन्हापुढे राहते, जो भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही.

पुण्याहून, वेब प्रोग्रॅमर (ती)

वरचे वाचून माझ्या सध्याच्या सोयीबद्दल लिहायचे राहिले ते लिहिते. मी बॅशमध्ये (टर्मिनलवरच्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सहा ओळींचे एक फंक्शन केले आहे. ते पाठवायचा मजकूर आधी ‘लेस’ या वाचनाच्या साधनात उघडते, त्यात ‘पासवर्ड’, ‘टोकन’ किंवा ‘की’ असे शब्द असलेल्या ओळी ग्रेप या शोधणाऱ्या साधनाने वेगळ्या काढून दाखवते आणि मग ‘पाठवू?’ असे विचारते. गेल्या आठवड्यात मी तिथे दोनदा ‘नाही’ म्हटले.