माणसाच्या आगीने जंगलं आणि माळरानं खरंच बदलली का?

रानभूल: वणवा म्हटलं की आपल्याला फक्त नुकसान दिसतं, पण ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी हजारो वर्षं मुद्दाम गवत जाळत आलेत असं वाचलं. मग आज ज्याला आपण नैसर्गिक जंगल म्हणतो त्यातलं किती माणसाच्या आगीने घडलंय? आणि हे कळतं कसं, कुणी लिहून तर ठेवलं नाही!

गाळवाचक: तळ्यांच्या गाळातून कळतं. थरावर थर साचतात, त्यात कोळशाचे कण आणि परागकण अडकून राहतात, कोळसा एकदम वाढला आणि झाडांचे पराग कमी होऊन गवत-नेचे वाढले की चित्र स्पष्ट होतं. न्यूझीलंड बघा, तिथे माणूस पोचला साधारण तेराव्या शतकात. त्याआधी आग क्वचितच लागायची म्हणून तिथल्या झाडांना तिची सवयच नव्हती. माओरी, म्हणजे तिथले हे पहिले रहिवासी, आल्यावर दक्षिण बेटाच्या कोरड्या पूर्व भागातलं बरंचसं जंगल एक-दोन शतकांत जळून गेलं, तेही मोजक्या माणसांच्या हातून, आणि बऱ्याच ठिकाणी ते परत आलंच नाही.

सावलीतला: पण ऑस्ट्रेलियाची गोष्ट वेगळी आहे हो. तिथल्या उत्तरेकडच्या अर्नहेम लँडमध्ये मूळ रहिवासी कोरडा ऋतू सुरू होताना, गवतात अजून ओल असताना छोटे छोटे तुकडे जाळतात, आग जमिनीलगत राहते, शेंड्यापर्यंत जात नाही आणि पुढे मोठा वणवा आला तर या जळलेल्या पट्ट्यांवर अडतो. अमेरिकेने उलटं केलं. 1910 च्या वणव्यात सुमारे 30 लाख एकर गेलं, मग प्रत्येक आग विझवायचीच असं ठरलं, 1935 पासून तर दुसऱ्या दिवशी सकाळी 10 च्या आत. परिणाम काय, पालापाचोळा आणि झुडपं साचत गेली आणि जायंट सेक्वोया या अजस्र झाडाला बी पडायला, रुजायला जी आग लागते तीच बंद झाली. आग थांबवणं हीसुद्धा ढवळाढवळच आहे, हे आपण मान्यच करत नाही.

रानभूल: म्हणजे जाळलेलं चांगलंच?

गाळवाचक: अजिबात नाही! कुठे, कधी आणि किती, यावर सगळं आहे. इंडोनेशियात पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या जाड थरांच्या, दलदली कालवे काढून सुकवल्या आणि जमीन साफ करायला आग लावली, 1997 मध्ये ती जमिनीखाली महिनोन्महिने धुमसत राहिली, हजारो वर्षांचा साठलेला कार्बन हवेत गेला. आणि उपग्रहांच्या नोंदी बघितल्या तर 1998 ते 2015 मध्ये जगातलं जळणारं क्षेत्र सुमारे एक चतुर्थांशाने घटलंय, मुख्यतः गवताळ प्रदेशांची शेतं झाली म्हणून. उघड्यावरची आग कमी झाली, पण कोळसा-तेलाची आग इंजिनात आणि भट्ट्यांत गेली, आणि हवामान बदलतंय ते मुख्यतः तिच्यामुळे.