मदत हवी आहे: वडिलांच्या लघवीच्या पिशवीतलं रात्रीचं माप जुळत नाही

चोपडेकर_लेक (रात्री 11:40)
नमस्कार. लवकर उत्तर हवंय. आबांच्या पिशवीत रात्री दहा ते सकाळी सहा फक्त 150 मिली आलं. परवा तर पहिल्या रेघेलाही पोचलं नव्हतं. दिवसा बरं असतं. डॉक्टरांनी रोज वहीत मांडायला सांगितलंय आणि सोमवारी वही दाखवायची आहे. पिशवी बदलून पाहिली, नवी आणली, तरी तेच. दवाखान्यात लघवी मोजायचं एक यंत्र लावलं होतं, पिशवीच्या वर पारदर्शक डबी असलेलं. ते घरासाठी जळगावला किंवा धुळ्याला कुठे मिळेल? गावातल्या मेडिकलवाल्याला काही सांगता येत नाही.

सिस्टर_अमळनेर (11:52)
ताई, यंत्राचं नंतर बघू. आधी हे सांगा. नळी आत घातलेली आहे की वरून लावलेली? कशासाठी घातली, किती दिवस झाले? वय, वजन? आत्ता या क्षणी बेंबीखाली हात ठेवून बघा, पोट टणक लागतंय का? आबा कण्हतात का? चार तास नळीत थेंब नाही आणि पोट टणक असेल तर इथे लिहीत बसू नका, गाडी काढा. आणि नळी ओढून बघू नका, आत पाण्याने भरलेला फुगा असतो.

धुळे_फार्मा (11:58)
तुम्ही म्हणता ते यंत्र नाही, युरोमीटर. वरची डबी कडक प्लास्टिकची असते, तिच्यावर बारीक रेघा असतात आणि दर तासाला आकडा वाचून ती खालच्या पिशवीत ओततात. साधी युरोबॅग दोन लिटरची, मऊ. भरली की फुगते, म्हणून तिच्या रेघा अंदाजापुरत्या. सर्जिकल सामानाच्या मोठ्या दुकानात मिळेल, पण घरी त्याची गरज नाही.

चोपडेकर_लेक (रात्री 12:05)
पिशवी म्हटलं की नळी आलीच, म्हणून लिहिलं नाही. आत घातलेली आहे. प्रोस्टेटमुळे लघवी अडली होती, नऊ दिवस झाले. वय 74, वजन 58. रक्तातलं क्रिएटिनीन (किडनीचं काम दाखवणारं) वाढलं होतं, आता उतरतंय म्हणाले. पोट मऊ आहे, आबा झोपलेत. घरी गरज का नाही? आकडाच खोटा निघाला तर मी वहीत काय मांडू?

शिरपूर_बापू (12:20)
ताई, घाबरू नका, बठ्ठं बेस व्हई जाई. माझ्या मोठ्या भावाला असंच झालं होतं. गोखरू आणि पुनर्नव्याचा काढा सकाळ-संध्याकाळ दिला, चार दिवसांत लघवी मोकळी. शेतात गोखरू उगवतो, पैसा लागत नाही.

सिस्टर_अमळनेर (12:26)
बापू, क्रिएटिनीन वाढलेल्या माणसाला डॉक्टरांना न विचारता काढा देऊ नका. आणि दिलाच तर तोही प्यायलेल्या पाण्यात धरायचा असतो. वहीत आत गेलेलं आणि बाहेर आलेलं, दोन्ही लागतं.
ताई, हिशोब असा: मोठ्या माणसाला तासाला किलोमागे किमान अर्धा मिली लघवी व्हायला हवी. 58 किलोला तासाला 29, दिवसाला साधारण 700. आठ तासांना 232. तुमचे 150 कमी आहेत, पण चोवीस तासांची बेरीज किती?

शिरपूर_बापू (12:31)
काढ्याने कोणाचं नुकसान झालेलं मी पाहिलं नाही. दवाखान्यात नेलं की नळीवर नळी. तुम्ही सिस्टर आहात म्हणून तुम्हाला नळीच दिसणार.

धुळे_फार्मा (12:35)
बापू, लघवी अडलेल्या माणसाला नळीशिवाय रात्र काढणं किती भयंकर असतं ते मी काउंटरवर रोज ऐकतो. इथे काढ्याचा वाद नको.

पारोळा_पप्पू (सकाळी 6:10)
नळी काढून टाका आणि कंडोम कॅथेटर लावा, कंडोमसारखं वरून चढवायचं आणि पिशवीला जोडायचं. माझ्या सासऱ्यांना पॅरालिसिसमध्ये तोच होता. आत काही घालायचं नाही, जंतुसंसर्ग कमी.

सिस्टर_अमळनेर (6:25)
पप्पूभाऊ, तुमच्या सासऱ्यांना लघवी होत होती, समजत नव्हती. आबांची अडलेली आहे. वरून लावलेली पिशवी कोरडीच राहील आणि आत मूत्राशय फुगत जाईल. असं कोणाला सुचवू नका.

चोपडेकर_लेक (6:50)
बेरीज केली. परवा 1350, काल 1480. रात्री 150 आणि बाकी सगळं दिवसा. आणि आज पहाटे गोधडी ओली होती. याआधी दोनदा झालं होतं, वाटलं पाणी सांडलं असेल. आबांना तोंड धुवायला उठवून बसवलं की पिशवीत एकदम धार पडते, 400 तरी. ती मी सकाळच्या रकान्यात लिहिते.

जळगाव_लॅबवाला (7:05)
नळीचा नंबर किती? 16 असेल बहुतेक. नंबर म्हणजे मिलिमीटरमधल्या जाडीच्या तिप्पट, म्हणजे 16 नंबरची नळी सव्वापाच मिलिमीटरपेक्षा जरा जाड. फुगा असलेली ही नळी फ्रेडरिक फोली या अमेरिकन डॉक्टरांनी 1930 च्या दशकात आणली, म्हणून तिला फोलीज म्हणतात. फुग्यात सलाईन भरत नाहीत, क्षार साचून फुगा रिकामा करताना अडतो. स्टराइल पाणी भरतात.

चोपडेकर_लेक (7:08)
दादा, माहिती चांगली आहे, पण मला रात्रीचं उत्तर हवंय.

रावेर_केळीबाग (7:30)
यंदा उन्हाने जीव नको केलाय. आमच्याकडे रात्री दोन-दोन तास लाईट नसते, केळीला पाणी द्यायचं तरी कसं? घरात झोपवत नाही, सगळी अंगणात. तुमच्याकडेही तसंच का? आबा रात्री घामाने ओले होत असतील, लघवी तेवढी कमी होणारच.

चोपडेकर_लेक (7:34)
हो दादा, रात्री अंगणातच झोपवतो. दिवसा घरात पलंगावर असतात, रात्री बाजेवर.

सिस्टर_अमळनेर (7:36)
थांबा. बाजेवर झोपतात तेव्हा पिशवी कुठे असते?

चोपडेकर_लेक (7:41)
बाज फार बुटकी आहे. पिशवी टांगली की जमिनीला लागते, आणि अंगणात कुत्रं येतं. म्हणून रात्री त्यांच्या पायाशी गोधडीवर ठेवते. नळी बाजेवरून खाली लोंबते आणि परत वर पिशवीत येते. दिवसा पलंगाच्या दांडीला हूकने टांगलेली असते.

सिस्टर_अमळनेर (7:44)
हेच आहे. पिशवी मूत्राशयाच्या खालीच हवी, झोपेतसुद्धा. नळीला मध्ये झोळ पडला की लघवी त्या खळग्यात साचते आणि मागचीला वाट मिळत नाही. मूत्राशय भरत जातो, कळ येते, आणि मग नळीच्या बाजूने गळते. तीच तुमची ओली गोधडी. मापाची फसवणूक हा त्यातला लहान भाग. किडनी आधीच दमलेली असताना रोज रात्री मागे दाब पडतोय, ते जास्त वाईट.

रावेर_केळीबाग (7:52)
सिस्टरचं बरोबर आहे. ड्रिपच्या नळीत असाच झोळ पडला की पुढच्या झाडाला पाणी पोचत नाही, आम्ही रोज बघतो. ताई, बाजेच्या चारी पायांखाली दोन-दोन विटा घाला, आडव्या, हलणार नाहीत अशा. पिशवी टांगल्यावर खाली चार बोटं मोकळी राहिली पाहिजेत.

पारोळा_पप्पू (7:58)
त्यापेक्षा डायपर घाला, कटकट नाही.

धुळे_फार्मा (8:10)
नळीच्या जागी डायपर चालणार नाही, पण गळतीचं माप काढायला पप्पूभाऊंची गोष्ट कामाची आहे. कोरडा डायपर वजन करून ठेवा, ओला झाला की परत वजन करा. जितके ग्रॅम वाढले तितके मिली धरा. दुकानातला इलेक्ट्रिक काटा चालतो. आणि पिशवीवरच्या रेघा वाचू नका. खालची तोटी उघडून खुणा असलेल्या मापात ओता, माप सपाट जागी ठेवून डोळ्याच्या पातळीला आणून वाचा. तोटीचं टोक मापाला टेकू देऊ नका. आधी आणि नंतर साबणाने हात.

सिस्टर_अमळनेर (8:15)
पिशवी अर्धी-पाऊण झाली की रिकामी करायची, काठोकाठ भरू द्यायची नाही. रकाने रात्रीचे-दिवसाचे करू नका, वेळ लिहा. आबांना शौचाला साफ होतं का? बद्धकोष्ठानेही नळीवर दाब येऊन गळते. आणि हे सगळं करून आज रात्रीही गळलं तर उद्याच दवाखान्यात फोन करा, सोमवारची वाट बघू नका.

चोपडेकर_लेक (8:20)
तीन दिवस शौचाला झालेलं नाही. तेही मला वेगळं वाटत होतं. फोन करून विचारते.

शिरपूर_बापू (9:05)
ताई, काढ्याचं राहू द्या. आबांची काळजी घ्या. कुत्र्यासाठी बाजेच्या एका बाजूला पत्रा उभा करा, आम्ही तसंच करतो.

चोपडेकर_लेक (तिसऱ्या दिवशी, सकाळी 7:15)
विटा घातल्या, पत्राही लावला. शौचाचं औषध फोनवर विचारून दिलं, काल झालं. पहिल्या रात्री 480, दुसऱ्या रात्री 520. गोधडी कोरडी. पहाटे चार वाजता बॅटरी लावून बघितलं तर नळीत लघवी सरळ उतरत होती, थांबत नव्हती. मी बराच वेळ तिथेच बसून बघत होते. वही नव्याने आखली, वेळेसकट, आधीच्या पानावर रात्री पिशवी वर होती असं लिहून ठेवलं. सिस्टर, तुम्ही पोट बघायला सांगितलं ते मी आता रोज बघते.

सिस्टर_अमळनेर (7:40)
आधीच्या पानावर लिहून ठेवलंत ते फार बरं केलंत. नाहीतर डॉक्टर रात्रीच्या 150 वर औषध बदलून बसले असते.

चोपडेकर_लेक (सोमवारी, संध्याकाळी 6:30)
वही बघितली. पुढच्या आठवड्यात नळी काढून बघणार आहेत, लघवी आपोआप होते का ते.

यावल_सूनबाई (रात्री 9:00)
इथेच विचारते. माझ्या सासूबाईंना दोन महिन्यांपासून नळी आहे आणि काल पिशवी जांभळी झाली. लघवी नेहमीसारखीच दिसते. काय करू?

सिस्टर_अमळनेर (9:12)
घाबरू नका. बद्धकोष्ठ असलेल्या, बरेच दिवस नळी असलेल्या बायकांमध्ये लघवीतल्या काही जंतूंमुळे तसा रंग येतो. पण लघवी तपासून घ्यायला हवी. नवीन धागा काढा, आणि त्यात सासूबाईंना ताप आहे का, शौचाला होतं का आणि नळी शेवटची कधी बदलली ते पहिल्याच ओळीत लिहा.