इच्छास्वातंत्र्याने लहान मुलांच्या आजाराचा उलगडा होतो का?

रातपाळी:
मी लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. "देवाने माणसाला निवडीचं स्वातंत्र्य दिलं, माणसाने ते वाईट वापरलं, म्हणून दुःख" हे ऐकून कान किटले. खून, युद्ध, फसवणूक इथवर ठीक. पण रेटिनोब्लास्टोमा? तेराव्या गुणसूत्रावरचं एक जनुक बिघडतं आणि बाळाच्या डोळ्यात गाठ वाढते. फ्लॅशच्या फोटोत बाहुली पांढरी दिसते, तेव्हा कुठे आईच्या लक्षात येतं. यात निवड कोणी केली? सुई लावायला गेलं की काही मुलं आपणहून हात पुढे करतात. "ही शीर नको, फुटते. ती घ्या." एवढ्याशा पोराला हे कळून देवाचं काय साधतं? पूर्वजन्मवाल्यांनीही लिहावं, पण जरा जपून.

तिरकस:
अमेरिकन तत्त्वज्ञ प्लँटिंगाने १९७४ साली याच स्वातंत्र्याच्या मुद्द्यावरून एवढंच दाखवलं की देव आणि दुष्टता एकत्र असण्यात तार्किक विसंगती नाही. दुःख का आहे, हे त्याने सांगितलेलंच नाही. लोक त्याचा बचाव उचलतात आणि स्पष्टीकरण म्हणून खपवतात. नैसर्गिक दुःखामागे माणसाखेरीज इतर स्वतंत्र जीव, म्हणजे सैतान वगैरे, असू शकतील असं तो म्हणतो. शक्यता म्हणून हं, दावा म्हणून नाही.

जुनी वही:
जपूनच लिहितो. देव पक्षपाती आणि निर्दय ठरतो, हा आक्षेप वेदान्ताच्या मूळ ग्रंथात, ब्रह्मसूत्रांतच (२.१.३४) आहे. शंकराचार्यांचं उत्तर: ईश्वर पावसासारखा, पीक ज्याच्या त्याच्या बीजाप्रमाणे, म्हणजे कर्माप्रमाणे. मग पहिलं कर्म कुठलं? तर संसार, म्हणजे जन्ममरणाचं चक्र, अनादि आहे, पहिलं असं काही नाहीच.

रातपाळी:
म्हणजे देव सुटला, पोरगं अडकलं. जे कर्म त्याला आठवतही नाही, त्याची शिक्षा त्याला काय शिकवणार? आणि तिरकस, सैतानाची शक्यता त्या आईला सांगायची हिंमत आहे तुमच्यात?

तिरकस:
नाही. तिला सांगायला ती मांडलेलीच नाही.

काठावरचा:
मी नास्तिक, तरी एक मुद्दा. हा आजार लवकर सापडला तर बहुतेक मुलं वाचतात. गरीब देशांत उशीर होतो आणि जीव जातो. तपासणीवर पैसा खर्च करायचा नाही, ही तर माणसांचीच निवड ना?

रातपाळी:
हे पटलं, आणि आपल्यापैकी कोणालाच या जबाबदारीतून सुटका नाही. उशिरा आलेल्या मुलाचा डोळा काढावा लागतो, तेव्हा मला देवापेक्षा माणसांचाच राग जास्त येतो. पण गाठ आली ती कोणी काही निवडण्याआधीच. उशिराचा हिशेब माणसांकडे मागता येईल, गाठीचा कोणाकडे मागू? जुनी वही, अनादि म्हटलं की प्रश्न सुटतो की नुसता मागे ढकलला जातो?