आजोबांच्या पैरणीसारखी पैरण शिवून घ्यायची आहे

माळरान:
खटाव तालुक्यात आमचा दोन एकर ऊस आहे. पाचट काढताना पानाच्या धारेनं हात चिरतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट लागतोच. तयार शर्ट एका हंगामात काखेत उसवतो, नाहीतर पाठीवर टरकतो. परवा ट्रंकेत आजोबांची मांजरपाटाची, म्हणजे जाड्याभरड्या सुती कापडाची, पैरण सापडली. ते जाऊन 19 वर्षं झाली. खांद्यावर दोन ठिगळं आहेत, गळपट्टी झिजलीय, पण काखेतली एक टीप सुटलेली नाही. अंगात घालून दोन्ही हात वर केले, तरी ती कमरेवरून जराही सरकली नाही. काखेत तळहाताएवढा चौकोनी तुकडा जोडलाय. गावातला टेलर म्हणाला, "हे आता कोण घालतंय?" मला घालायचीय, रानात. कापड कोणतं घेऊ आणि त्याला नेमकं काय सांगू?

सुईदोरा:
दादा, सगळी करामत त्या चौकोनाची आहे. पैरणीला शर्टासारखा गोल मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल काप, नसतो. सरळ अंगाला सरळ बाही जोडलेली, त्यामुळे हात उचलला की ताण काखेत येतो. चौकोनाचं एक टोक अंगाकडे आणि एक बाहीकडे बसवलं की तिथलं कापड तिरक्या धाग्यावर ओढलं जातं, आणि तिरकं कापड ताण सोसतं. टेलरला सांगा, चौकोन चार इंची, शिवण दुमडून दोन टिपा, कच्ची कड कुठेच उघडी नको. खांद्याला आतून दुसरा पदर लावा, ओझं तिथंच येतं.

36 इंच पन्ह्याचं कापड असेल तर तीन मीटर घ्या. कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा, मग पुन्हा एकदा भिजवा. तुमची पैरण शेकडो वेळा धुतलेली आहे. तिच्या मापावर कोरं कापड कापलंत तर पहिल्या धुण्यात बाह्या मनगट सोडतील. आणि कृपा करून मापासाठी जुनी पैरण उसवू नका.

उभा_आडवा:
मी इचलकरंजीचा. इथं पहिला यंत्रमाग 1904 साली आला, आमची तिसरी पिढी मागावर आहे. दुकानात हाताला जाड लागणारं कापड पुष्कळदा खळीनं जाड असतं. कोपरा दोन्ही मुठीत धरून चोळा. पांढरी भुकटी पडून कापड लोळागोळा झालं तर ठेवून द्या. मग उजेडाकडे धरा, उभे आणि आडवे धागे सारखे दाट दिसले पाहिजेत. कोरंच, म्हणजे ब्लीच न केलेलं, घ्या. ब्लीच जास्त झालं की सूत कमजोर होतं.

बांधावरची:
आमच्याकडे बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवतात. खांदे ओघळलेले, बाह्या दोनदा दुमडलेल्या. त्यांच्या मापाचं रानातलं कापड कुणी शिवलंच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. शिवताच आहात तर एक बाईच्या मापाचीही शिवून बघा. साडीवर घालायची, तेव्हा घेर वाढवा आणि दोन्ही बाजूंना कट ठेवा.

माळरान:
ताई, दादा, मनापासून आभार. काल सहा मीटर कोरं मांजरपाट आणलं. पहिल्या दुकानातलं चोळल्यावर भुकटी पडली, म्हणून दुसरीकडून घेतलं. भिजवून वाळवल्यावर मोजलं, तर मीटरमागे चार सेंटीमीटर आटलं. आज दुसरं भिजवण चालू आहे. टेलरसमोर पैरण उलटी करून काखेतली टीप दाखवली, मग तो बराच वेळ बघत बसला आणि तयार झाला.

दुसरी पैरण आईच्या मापाची. तिला विचारलं तर म्हणाली, "खिसा डाव्या बाजूला ठेव. उजव्या हातात विळा असतो."